मदत हवी आहे: ड्रॉवरचा जॉइंट लागत नाहीये (अर्जंट)

रंधा_आणि_माउस
किचनच्या ट्रॉलीचं कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करतोय. ड्रॉवरला स्लायडर जॉइंट (एकाच रेषेत सरकू देणारा जोड) लावला की तो मागची फळी फोडून थेट भिंतीत घुसतो. दुसरा लावायला गेलो की लाल एरर आणि सगळं जाम. ३ तास गेले. उद्या ११ वाजता पार्टीला (गिऱ्हाइकाला) दाखवायचंय. मापं बरोबर आहेत, त्यावर वेळ घालवू नका.

त्रिज्या
सॉफ्टवेअर कुठलं? आणि ‘दुसरा’ म्हणजे कुठला दुसरा?

सॉलिड_गणू
सॉलिडवर्क्समध्ये लिमिट मेट लावा, म्हणजे किती सरकायचं त्याची हद्द. कमीत कमी ०, जास्तीत जास्त ४५० मिमी. विषय संपला.

रंधा_आणि_माउस
फ्यूजन आहे. सॉलिडवर्क्स असतं तर इथे कशाला आलो असतो?

मोफत_मावळा
फ्रीकॅड घ्या. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीपासून असेंब्लीचं (भाग जोडायचं) वर्कबेंच आतच येतं, त्यात स्लायडर जॉइंटही आहे. एक पैसा लागत नाही.

सॉलिड_गणू
पैसा लागत नाही, केस लागतात. उपटायला.

मोफत_मावळा
तुमचे कधीच गेलेत वाटतं.

प्लाय_वाला
अहो भांडू नका. भाऊ, टेलिस्कोपिक चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या बाजूच्या पट्ट्या) वापरणार असाल तर एका बाजूला साधारण १२.७ मिमी जागा जाते. आम्ही आतल्या रुंदीतून सरळ २६ वजा करतो आणि ड्रॉवर बनवतो. आणि सॉफ्ट क्लोजच घ्या, नंतर पार्टी कटकट करते.

त्रिज्या
धागाकर्ते, सुट्या बॉडी (नुसते आकार) आहेत की कॉम्पोनंट (स्वतंत्र हलणारे भाग) केलेत? फ्यूजनचा जॉइंट कॉम्पोनंटलाच लागतो. कॅबिनेट ग्राउंड (जागेवर पक्कं) केलंय का?

रंधा_आणि_माउस
कॉम्पोनंटच आहेत, कॅबिनेट ग्राउंड आहे. एवढं कळतं हो. एक स्लायडर उजव्या चॅनलला, दुसरा डाव्या.

त्रिज्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! भिंतीत घुसतो कारण जॉइंटला फक्त दिशा कळते, फळी कळत नाही. जॉइंटवर राइट क्लिक, एडिट जॉइंट लिमिट्स, मिनिमम ०, मॅक्सिमम ४५०. बाहेरची दिशा उणे येत असेल तर मिनिमम उणे ४५०, मॅक्सिमम ०. पण दोन स्लायडर कशाला?

रंधा_आणि_माउस
चॅनल दोन असतात म्हणून!

बेडकाका
मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, मुलाने धागा दाखवला. पण आमच्या लेथच्या बेडवर सॅडलसाठी, म्हणजे बेडवरून सरकणाऱ्या भागासाठी, पुढे व्ही आकाराची पट्टी होती आणि मागे सपाट. नवा असताना मी उस्तादांना विचारलं, दोन्हीकडे व्ही का नाही? ते म्हणाले, दोन व्ही अगदी समांतर आणि नेमक्या अंतरावर आणायचे तर ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून घासत बस जन्मभर. व्हीने सरळ चालवायचं, सपाटीने नुसतं वजन घ्यायचं. दोघांनी दिशा दाखवायला घेतली की सॅडल अडकलाच.

सॉलिड_गणू
काका, इथे ड्रॉवर चाललाय, लेथ नाही.

त्रिज्या
गणू, थांब. काकांनीच उत्तर दिलंय. सुट्या वस्तूला ६ प्रकारे हलता येतं, स्लायडर त्यातले ५ बंद करतो. दुसऱ्या स्लायडरला बंद करायला काही उरतच नाही. मापं तंतोतंत असतील तर खपून जातं, नाहीतर दोन्ही जॉइंट ड्रॉवर आपापल्या बाजूला ओढतात. धागाकर्ते, मापं सांगाच आता.

रंधा_आणि_माउस
कॅबिनेट ६००, प्लाय १८, ड्रॉवर बाहेरून ५३८. म्हटलं ना बरोबर आहेत.

त्रिज्या
६०० वजा ३६ म्हणजे ५६४. त्यातून ५३८ गेले, उरले २६. चॅनल किती जाडीचा काढलाय?

रंधा_आणि_माउस
१२.७.

त्रिज्या
दोन्ही मिळून २५.४. ०.६ मिमी हवेत आहे. तेच भांडण.

प्लाय_वाला
०.६ ला कोण विचारतो? स्क्रू आवळला की बसतं.

त्रिज्या
लाकडात बसतं. सॉफ्टवेअर स्क्रू आवळत नाही. डावा स्लायडर काढा, डाव्या चॅनलचा आतला भाग ड्रॉवरला रिजिड (घट्ट जोडलेला) करा. चालवायचं काम उजव्याचं.

रंधा_आणि_माउस
चाललं!!! काका, दंडवत. पण चॅनलची मधली पट्टी जागच्या जागी राहतेय, तिचं काय?

त्रिज्या
तिला कॅबिनेटशी वेगळा स्लायडर, मग मोशन लिंक (दोन जॉइंटच्या हालचाली एकमेकींना बांधणं): ड्रॉवर ४५० तर पट्टी २२५.

बेडकाका
खऱ्या साध्या चॅनलमध्ये ती अशी निम्म्याने चालत नाही. जिकडे कमी घासतं तिकडचं आधी सुटतं. घरातला खण ओढून बघा.

त्रिज्या
मान्य काका, पण दाखवण्यापुरतं चालतं.

रंधा_आणि_माउस
पट्टी हाइड केली. पार्टीला रंग बघायचाय.

प्लाय_वाला
सॉफ्ट क्लोजचं काय ठरलं?