'आत्ता कुठे' मराठी जेवण टेबलावर आलं म्हणे!

गिरणगावचा_भोंगा

परवा इथे फिरस्ती_जीभ यांनी लोअर परळच्या एका नव्या हॉटेलवर लेख टाकला. नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला. थालीपिठाचा टाको, झुणका भरलेल्या नखाएवढ्या पुऱ्या, बोटभर ग्लासातून सोलकढी, आणि दोघांचं बिल 4,620 रुपये. ज्याचा खिसा त्याची मर्जी, त्यावर माझं काही म्हणणं नाही. डोकं फिरलं ते शेवटच्या वाक्याने: 'इतकी वर्षं दादर-गिरगावच्या ट्यूबलाइटखाली कळकट टेबलांवर अडकलेलं मराठी जेवण आत्ता कुठे सन्मानाने टेबलावर आलं आहे.'

आत्ता कुठे?

बाई, ज्या आवारात बसून तुम्ही तो टाको खाल्लात ती गिरणीची जागा. तिथल्या तिन्ही पाळ्यांची माणसं जेवायची कुठे, हा विचार कधी केलात? कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष. एकेका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना जेवू घातलं ते लालबाग-परळच्या चाळींतल्या खानावळवाल्या बायकांनी. महिन्याचे मेंबर, महिन्याचा हिशेब. गिरणीचा पगार झाला की पैसे हातात, तोवर वाण्याची उधारी, वाणी अडून बसला की सावकार. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते ह्याच बायकांसाठी, सावकाराच्या जागी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. 1982 चा गिरणी संप झाला, मेंबर गावाला निघून गेले, आणि गिरण्यांबरोबर यांच्या चुलीही थंडावल्या.

हे मराठी जेवणाचं मुंबईतलं 'डायनिंग आउट' होतं. त्यात सन्मान नव्हता असं म्हणायला जीभ कशी वळते?

आणि कळकट टेबलांचं म्हणाल तर दादरला मामा काण्यांचं उपाहारगृह 1910 पासून आहे. तिथल्याच प्रकाश उपाहारगृहाचा साबुदाणा वडा खाऊन वर पियुष प्यायला लोक काय तिथली प्रकाशयोजना बघून जातात?

फिरस्ती_जीभ

वा! मी टाको खाल्ला आणि थेट गिरणी संपाची गुन्हेगार झाले.

काका, इतिहास छान सांगितलात, मनापासून. पण मला एक सांगा, तुमच्या त्या खानावळींत बायका जेवायला जात होत्या का? वाढायला होत्या, रांधायला होत्या. ताटावर बसायला? ती पुरुषांची सोय होती. मला आईला, सासूला, आजीला घेऊन दोन तास निवांत बसायचं असेल तर मी कुठे जायचं?

दादरला गेले होते मागे, नाव घेत नाही, तुमच्यासारखाच नियम. आजीच्या मिसळीचा दुसरा घास तोंडात जातो न जातो तोच एक गृहस्थ तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. मान खाली घालून तिच्या ताटलीत बघतायत, किती उरलंय. तिने रस्सा संपवलाच नाही, 'चल, लोक खोळंबलेत' म्हणून उठली. वेटरने पाव संपायच्या आत बिल आणून बडीशेपेच्या वाटीखाली ठेवलेलं. ह्याला सन्मान म्हणत असाल तर म्हणा.

दुसरं म्हणजे प्रमाणपत्राचं. 2015 साली लंडनच्या फूडीहबने दादरच्या आस्वाद हॉटेलच्या मिसळीला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं, तेव्हा ह्याच दादरकरांनी छाती फुगवली होती. त्या आधी ते नुसतं घरचं लेकरू, आणि साहेबाने शाबासकी दिल्यावर एकदम अभिमान! मग माझ्या हॉटेलवाल्याने पितळी ताटली वापरली तर एवढं का झोंबतंय?

आणि तिसरं. दादर-गिरगावला मिळतं ते अख्खं महाराष्ट्राचं जेवण आहे का? थालीपीठ, कोथिंबीर वडी, नाहीतर सुरमई थाळी. त्या नव्या जागी मी खानदेशची कळण्याची भाकरी आणि विदर्भाचा पाटवडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) खाल्ला. दादरला कुठे मिळतो ते सांगा, उद्या जाते.

वऱ्हाडी_ठेचा

शेवटच्या मुद्द्यासाठी ताईंना माझ्याकडून शंभर मार्क. मुंबईत 'अस्सल सावजी' अशी पाटी लावून जे देतात त्याबद्दल गुन्हा दाखल व्हायला पाहिजे. रश्श्यात खसखस नाही, जवस नाही, नुसता लाल रंग आणि वर तेलाचा तवंग. वेटरला विचारलं तर म्हणतो, 'साहब, तीखा है ना?' अरे तिखट म्हणजे सावजी नव्हे! अमरावती-नागपूरचा माणूस इथे महाराष्ट्राबाहेरच धरतात. गोळाभात कुणाला माहीत तरी आहे का इथे?

गिरणगावचा_भोंगा

खुर्ची धरून उभं राहण्याचा मुद्दा मान्य. ती मुंबईची खोड आहे, दादरची एकट्याची नाही. लोकलमध्येही 'कहाँ उतरोगे' विचारतोच की आपण.

बायकांचा मुद्दा... बरं. तोही. पण माझ्या आजीची खानावळ होती काळाचौकीला. पहाटे चारला उठायची. तिच्या हातची सुक्या जवळ्याची चटणी खायला सुट्टीच्या दिवशी माणसं शिवडीहून चालत यायची. तुमच्या पितळी ताटलीवाल्याने तीच चटणी बिस्किटावर लावून साडेपाचशेला विकली आणि मेन्यूत 'आजीज् रेसिपी' लिहिलं. कुणाची आजी? तिला काय मिळालं?

चार्टर्ड_चकली

मध्येच तोंड घालतो, पण 4,620 हा आकडा वाचला आणि राहवेना. 4,000 चं जेवण, 10 टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे 400, आणि 4,400 वर 5 टक्के जीएसटी म्हणजे 220. बरोबर ना ताई? म्हणजे सर्व्हिस चार्ज निमूटपणे दिलात. वर त्या सर्व्हिस चार्जवरही कर भरलात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं की हा आकार आपोआप बिलात घालायचा नाही. हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, त्याच महिन्यात स्थगिती आणली आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं वसुली चालू. 28 मार्च 2025 ला निकाल ग्राहकांच्या बाजूने लागला. तरी मेन्यूच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ती ओळ असतेच. काढा म्हणायचं. नाही काढला तर 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन.

फिरस्ती_जीभ

आकडा बरोबर आहे. दिला मी, कारण वेटर मुलगा फार चांगला होता. सासूबाईंच्या वाढदिवसाला 400 रुपयांसाठी मॅनेजरशी हुज्जत घालणारी सून व्हायचं नव्हतं मला.

चार्टर्ड_चकली

ह्याच भिडेवर त्यांचा धंदा चालतो. चांगला होता तर त्याच्या हातात द्यायचे. बिलात घातलेले त्याला मिळाले हे कशावरून?

मालवणी_गल्ला

सीए साहेब, तुमचं गणित एकाच बाजूचं. माझी बारा टेबलांची जागा आहे, सर्व्हिस चार्ज लावत नाही, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. 15 नोव्हेंबर 2017 पासून हॉटेलांना 5 टक्के जीएसटी केला तेव्हा गिऱ्हाइकाने पेढे वाटले, आधी एसीला 18 होता ना. पण त्याच दिवशी आमचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, काढून घेतलं हे कोण सांगतं? भाड्यावर 18 टक्के भरतो, फ्रिजवर भरतो, सगळं अंगावर. त्यात ॲपवाल्यांचं कमिशन. पापलेटचा भाव भाऊच्या धक्क्यावर सकाळी एक, दुपारी मेन्यूकार्डावर जुनाच. थाळीचे तीस रुपये वाढवले की रिव्ह्यूत एक तारा.

चार्टर्ड_चकली

दीड कोटीच्या आत उलाढाल असेल तर कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत, जा, अर्धी कटकट संपेल. मात्र मग गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. तो घेणारे महाभागही पाहिलेत मी. बिलावर 'कंपोझिशन' असं छापलेलं, आणि खाली 5 टक्के लावलेले!

एडिसनचा_पांडू

तुम्ही 10 टक्क्यांवर भांडताय? इकडे न्यू जर्सीत 20 टक्के टिप नाही दिली तर वेटर पार्किंगपर्यंत मागे येईल. भारतात लोकांना सेवेची किंमतच नाही.

मालवणी_गल्ला

आले, उंटावरून शेळ्या हाकायला.

एडिसनचा_पांडू

खरं बोललं की झोंबतं. मागच्या ट्रिपला बाटलीबंद पाण्याचे छापील किमतीच्या तिप्पट घेतले एका ठिकाणी. ही लूट चालते, आणि टिप म्हटलं की संस्कृती आडवी येते.

चार्टर्ड_चकली

पांडू, ते कायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल बघा, हॉटेलात बसून प्यायलं की एमआरपीचं बंधन नाही. पटत नाही मलाही. साधं पाणी मागावं.

वेटरचा_मुलगा

इतका वेळ गप्प होतो.

माझे वडील फोर्टातल्या एका हॉटेलात आयुष्यभर वेटर. रात्री शटर खाली आलं की चार टेबलं जोडायची, त्यावर चादर टाकून झोपायचं. आमचं घर उडुपीजवळच्या गावात, बाबा वर्षातून एकदा यायचे. मराठी ते मुंबईत शिकले आणि मी त्यांच्याकडून. टिप काउंटरवरच्या डब्यात पडायची, शनिवारी वाटप. भांडी घासणाऱ्या पोरालाही हिस्सा. मग मालकाच्या मुलाने डबा काढला आणि बिलात सर्व्हिस चार्ज आणला. महिन्याच्या शेवटी त्यातून 'ब्रेकेज' वजा. फुटलेला ग्लास, वाकलेला चमचा, बिल न देता पळालेलं गिऱ्हाईक, सगळं त्यातून. उरलेल्याचा हिशेब विचारला तर 'गावाला जायचंय का कायमचं?'

सीए साहेब बरोबर आहेत. पण साहेब, 1915 ला फोन करून 400 रुपये परत घेतल्यावर त्यातले किती वेटरच्या हातावर ठेवलेत ते पण सांगा.

चार्टर्ड_चकली

ठेवतो. दरवेळी नाही.

गिरणगावचा_भोंगा

माझा धागा पळवलात राव! मी मराठी जेवणाबद्दल बोलत होतो, तुम्ही जीएसटीचं वर्कशॉप काढलंत.

वेटरचा_मुलगा

काका, हे जेवणाबद्दलच आहे. तुमच्या आजीला काय मिळालं हे तुम्हीच विचारलंत ना वर? मला त्याच वाक्याने लिहावंसं वाटलं. माटुंग्याला रामा नायक यांच्या उडुपी खानावळीत 1942 पासून केळीच्या पानावर वाढतायत, दादरकरांची लग्नं ठरली असतील तिथे. पण मुंबईच्या खाण्याच्या गप्पांत रस्सम येतं, वाढणारा येत नाही. पितळी ताटलीवालाही तसाच आणि माफ करा, तुम्हीही थोडे तसेच.

फिरस्ती_जीभ

हे मात्र काकांना लागलं असणार.

गिरणगावचा_भोंगा

लागलं. तुम्हाला आनंद झाला असेल तर एक टाको जास्त खा.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. भारी जागा म्हणजे भारी, असं गृहीत धरू नका. 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 माणसं गेली. वाढदिवसाला, पार्टीला आलेली पोरं होती. तेव्हापासून मी तिकडच्या कुठल्याही हॉटेलात शिरलो की मेन्यूच्या आधी मागचा दरवाजा बघतो. मामा काण्यांकडे तो विचार मनातही येत नाही.

फिरस्ती_जीभ

मग जाता की तुम्ही तिकडे!

गिरणगावचा_भोंगा

मुलगा नेतो. बिल तोच देतो.

फिरस्ती_जीभ

घ्या. म्हणजे 'सन्मान' मुलाच्या कार्डावर चालतो. असो. 'कळकट' हा शब्द मी मागे घेते, कारण तो अतिच झाला. 'आत्ता कुठे' हे दोन शब्द घेत नाही. पाटवडी रस्सा दादरला कुठे मिळतो याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, हे नोंदवून ठेवा.

मालवणी_गल्ला

तुम्ही म्हणता तर एखाद्या बुधवारी करून बघतो. पण माझा कुक कणकवलीचा आहे, ओलं खोबरं घालणारच.

वऱ्हाडी_ठेचा

पाटवडी रश्श्यात ओलं खोबरं??? सुकं, भाजून! संपला विषय. त्यापेक्षा तुम्ही बोंबीलच करा दादा, हात जोडतो.

एडिसनचा_पांडू

माझ्या टिपच्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही.

मालवणी_गल्ला

पुढच्या ट्रिपला या. 20 टक्के ठेवा. आमची पोरं पार्किंगपर्यंत सोडायला येतील.