भाकरी-पिठल्याच्या घरात हिमोग्लोबिन ९.२ कसं?

बार्शीची_सून: आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. सोबत पिठलं नाहीतर आमटी, शेंगाचटणी, कधी वांगं. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मटण नाही. सासरे ऐंशीला टेकले तरी रोज रानात जातात. "आपल्या खाण्यात काय कमी आहे?" म्हणतात. पण कॉलेजातल्या लेकीचं हिमोग्लोबिन ९.२ आलंय, बी-१२ पण कमी. भाकरी बंद करू का?

गूळपोळी: बीट आणि गूळ द्या, रक्त भराभर वाढतं.

मालदांडी: शंभर ग्रॅम बीटात १ मिलिग्रॅमही लोह नसतं हो!

ताई, भाकरीच्या वाटेला जाऊ नका. शंभर ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्यात लायसिन (प्रथिनांचा एक गरजेचा घटक) कमी पडतं, ते डाळ भरून काढते. म्हणजे भाकरी-पिठलं ही जोडी पक्की, फक्त पिठल्यात पीठ हवं. (आमच्याकडे पाहुणे वाढले की पाणीच वाढायचं.) नुसत्या ज्वारीवर भागत नाही. दख्खनमध्ये जवळपास तेवढ्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा (नायसिन या ब-जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) व्हायचा, त्यावर पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास काम केलंय.

लोहाचं बघा. शंभर ग्रॅम ज्वारीत जेमतेम ४ मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला २९, पुरुषाला १९. लेकीची पाळी असते, सासऱ्यांशी तुलना कशी करणार? पूर्वी खुरपताना ओटीत तांदुळजा, पाथरी, चिघळ यायची. आता तणनाशकानं तीच आधी मरते. ताटातून पालेभाजी गेली, भाकरी तेवढी राहिली.

पालेभाजी, मटकीची उसळ वाढवा, वर लिंबू पिळा. त्यानं लोह अंगी लागतं. चहा जेवणाला चिकटून नको.

बी-१२ मात्र कुठल्याच धान्यात, भाजीत नसतं. माळकरी घरात दूध-दही एवढीच वाट, पण आधीच कमी आलंय म्हटल्यावर तेवढ्यानं भागणार नाही. डॉक्टरांना विचारून गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू करा. लोहाच्या गोळ्यांचंही विचारा, ९.२ नुसत्या भाजीवर सोडू नका.

बार्शीची_सून: चहा तर ताटावरून उठल्या उठल्या लागतो तिला. गोळ्या माळकऱ्यांना चालतात का, असं सासरे विचारतायत.

मालदांडी: चालतात. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं, म्हणून दुकानात साधी गोळीच मागा.