जमिनीच्या भावावर कर लावला तर तो नक्की कोण भरतं?

मोजपट्टी:
इमारत मालक बांधतो, जमीन कुणीच बांधत नाही. तिचा भाव चढतो तो शेजारून रस्ता गेला, स्टेशन आलं म्हणून, म्हणजे इतरांच्या पैशावर. तेव्हा बांधकाम वगळून नुसत्या जमिनीवर कर घ्या. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज १८७९ सालीच हे मांडून गेले. बांधकामावर कर लावला की लोक मजला चढवायचं टाळतात. जमीन कुठे पळून जाणार? एस्टोनियात १९९३पासून कर जमिनीवरच आहे, घरावर नाही.

हप्तेवाला:
तत्त्व मान्य, पण हिशोब करा. प्लॉटचा वर्षाचा खंड १००, व्याजदर ५ टक्के, म्हणून भाव २००० (२०००वर ५ टक्के व्याज म्हणजे तेच १००). आता भावावर दरवर्षी ५ टक्के कर आला. व्याज आणि कर दोन्ही त्याच १००मधून निघायला हवेत. नवा भाव = १०० ÷ (०.०५ + ०.०५) = १०००. काल १६०० कर्ज काढून ज्याने प्लॉट घेतला, त्याचं कर्ज जमिनीपेक्षा मोठं झालं. कालच त्याला विकून नफा खिशात घातलेला सुटला. पुढचा गिऱ्हाईक अर्ध्या भावात घेणार, त्यालाही झळ नाही. भरतो कोण, तर घोषणेच्या दिवशी सातबारा... सॉरी, कागद ज्याच्या नावावर तो.

मोजपट्टी:
म्हणून तर एका फटक्यात लावायचा नसतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराने १९१३ ते १९२५ टप्प्याटप्प्याने बांधकामावरच्या कराचा दर जमिनीवरच्या दराच्या निम्म्यावर आणला. घर आहे पण हातात रोकड नाही, अशांची थकबाकी जमिनीवर बोजा म्हणून चढवायची आणि विक्री किंवा वारसाच्या वेळी व्याजासकट वसूल करायची.

घसारा:
पिट्सबर्गचं अर्धंच सांगितलंत. २००१ साली त्यांनी हे गुंडाळलं. फेरमूल्यांकन वर्षानुवर्षं रखडलं होतं, ते झालं तेव्हा जमिनीचे आकडे एकदम उसळले नि लोक भडकले.
खरी मेख तिथेच आहे. भरवस्तीत मोकळ्या प्लॉटचे सौदे जवळपास नसतातच. मग घरासकट किंमत घ्यायची, तीतून घसारा (जुनं झाल्याने झालेली घट) धरून बांधकामाचा खर्च वजा करायचा, उरली ती जमीन. एकूण १००, बांधकाम ७०, जमीन ३०. बांधकाम १० टक्क्यांनी जास्त धरलं की ७७, जमीन २३. दहाची चूक जमिनीवर तेवीस टक्क्यांची होते!

मोजपट्टी:
पाडायलाच घेतलेल्या घरांचे सौदे बघा. किंमत अधिक पाडकामाचा खर्च, हाच जमिनीचा भाव. असे बिंदू नकाशावर मांडून मधले भाव काढता येतात. दरवर्षी केलं तर चूक साचत नाही.

हप्तेवाला:
आणि तो थकबाकीचा बोजा बँकेच्या गहाणाच्या आधी की नंतर? आधी असेल तर बँक कर्जच कमी देणार. नंतर असेल तर लिलावात पालिकेच्या हाती काही उरेलच असं नाही.