शब्दचर्चा : ‘दुय्यम प्रतिबल’ म्हणजे कमी महत्त्वाचं?

विचारणा
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाईंग हाऊससाठी सूत रंगवायच्या प्रेशर व्हेसलचा (दाबाखाली चालणाऱ्या बंद टाकीचा) फायनाइट एलिमेंट अहवाल, म्हणजे संगणकावर टाकीचे बारीक तुकडे कल्पून केलेला हिशेब, मराठीत करतोय. वाचणार मेंटेनन्सची मंडळी. ‘स्ट्रेस’ला ताण लिहू की प्रतिबल? नोझलच्या (टाकीला पाइप जोडायच्या तोटीच्या) मुळाशी ३१० एमपीए (मेगापास्कल) दाखवलंय, शेजारी ‘सेकंडरी’. तिथे ‘दुय्यम’ चालेल ना?

प्रतिसाद
प्रतिबलच लिहा. ताण म्हटलं की मराठी माणसाला ओढ दिसते. मग दाबल्या जाणाऱ्या भागाला ‘दाबाचा ताण’ म्हणायची वेळ येते. दाबही वेगळा ठेवा. व्हेसलमध्ये असतो तो दाब, पत्र्यात उभं राहतं ते प्रतिबल. व्यास १००० मिमी, पत्रा ८ मिमी आणि दाब ०.५ एमपीए धरला, तर पत्र्यात घेराच्या दिशेने सुमारे ३१ एमपीए आणि लांबीच्या दिशेने त्याच्या निम्मं येतं. हा हिशेब अहवालात आधी द्या. सॉफ्टवेअरचा लाल ठिपका त्यानंतर.

‘दुय्यम’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. दुय्यम निबंधक, दुय्यम दर्जा या शब्दांवर वाढलेला माणूस ‘दुय्यम प्रतिबल’ वाचून पान उलटेल. इथे प्रश्न मोठ्या-लहानाचा नाहीच. आतल्या दाबाला तोलून धरतं ते प्राथमिक. विहिरीच्या दोराला बादली लटकली की दोर ताणला जातो, पण बादलीचं वजन घटत नाही, तसं हे. धातू यील्ड झाला, म्हणजे त्याचा आकार कायमचा बदलू लागला, तरी ते उतरत नाही, वाढतच गेलं तर व्हेसल फुटतं. दुसरं, म्हणजे सेकंडरी, उपजतं ते नोझल आणि शेल (टाकीचं मुख्य कवच) एकमेकांना मोकळं हलू देत नाहीत म्हणून. धातू थोडा यील्ड झाला की ते आपोआप सैलावतं. म्हणून ‘स्वमर्यादी’ म्हणा.

प्रतिसाद
‘दुय्यम’ आता रुळलाय. नवा शब्द घातला तर वाचणारा दुसरीकडे शोधणार कुठे?

प्रतिसाद
मग पहिल्यांदा ‘दुय्यम, म्हणजे स्वमर्यादी’ असं लिहा आणि पुढे दुय्यम ठेवा. पण ते एक वाक्य गाळू नका, कारण मर्यादा त्यावरच ठरते. एएसएमई या अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रेशर व्हेसलसाठीच्या संहितेत, सेक्शन आठ, डिव्हिजन दोनमध्ये, शेलभर पसरलेल्या प्राथमिक प्रतिबलाला मान्य प्रतिबलाएवढीच (त्या धातूला ठरवून दिलेल्या सुरक्षित मर्यादेएवढीच) मुभा आहे, तर प्राथमिक आणि दुय्यम मिळून होणाऱ्या चढउताराला साधारण तिप्पट. चढउतार, हे ध्यानात घ्या. रंगाच्या प्रत्येक घाण्याला व्हेसल तापतं, दाब चढतो, पुन्हा उतरतो. एकदा सैलावलेला भाग रोज मागेपुढे होत राहिला तर तिथेच चीर पडते.

विचारणा
मग ३१०ला ‘कमाल प्रतिबल’ म्हणू?

प्रतिसाद
नको. त्या कोपऱ्याला गोलाई दिली नसेल तर मेश (हिशेबातल्या तुकड्यांची जाळी) बारीक कराल तसा तो आकडा चढतच राहील. मग कमाल कसली? शिवाय त्यात सगळे प्रकार एकत्र आहेत. तिथे पत्र्याच्या जाडीतून आरपार रेषा घ्या आणि तिच्यावरचं प्रतिबल तीन भागांत वेगळं करा. जाडीभर सारखं येतं ते पटल प्रतिबल, एका बाजूला ओढलं जातं आणि दुसऱ्या बाजूला चेपलं जातं ते वाकण्याचं, उरलेलं शिखर. शिखराचा संबंध फक्त धातूच्या थकव्याशी, म्हणजे वारंवारच्या चढउतारांनी चीर पडण्याशी. नोझलपाशी दाबामुळे येणारं पटल प्रतिबल प्राथमिकच धरतात, स्थानिक असलं तरी. त्याला दीडपट मुभा. तिथलं वाकण्याचं साधारणपणे दुय्यम. म्हणजे तुमच्या ३१०वर ‘सेकंडरी’ हा एकच शिक्का बसतच नाही. भाषांतराआधी अहवाल करणाऱ्याकडून हे तुकडे वेगळे मागून घ्या.