मिकी माउस क्लबहाउस चार वर्षांच्या मुलीला दाखवावे का?

प्रश्न (अमळनेर): 1928 पासून पडद्यावर असलेल्या मिकीवर आधारलेली ही बालमालिका 2006 मध्ये सुरू झाली. आमच्या घरी अहिराणी बोलतात; मालिकेतले प्रश्न परभाषेत असताना मुलगी खरोखर काही शिकेल का?

उत्तर (भुसावळ): शिकेल, पण तिच्याशेजारी बसणारे कोणी हवे. मिकी प्रश्न विचारून थांबतो, टूडल्स या उडत्या मदतनीस यंत्राने आणलेल्या साधनांपैकी कोणते उपयोगी पडेल हे मुलांनाच ठरवायला लावतो आणि एक साधन गूढ ठेवतो. त्या थांबण्याच्या क्षणी आपण तोच प्रश्न अहिराणीत विचारला, तर मूल नुसते पाहत न राहता विचार करू लागते. आमच्या नातवाने आकार असेच ओळखले, आणि मोजणी तर पुढे केळीच्या फणीवर चालू राहिली, याचा मला मनापासून आनंद आहे.

उत्तर (धुळे): वरील मताशी सहमत आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार या वयात बसून पडदा पाहण्याची वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावी. एक भाग साधारण 24 मिनिटांचा असतो, म्हणून रोज एकच दाखवावा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आजींनाच तिच्याशेजारी बसवते. त्यांची अहिराणी माझ्याहून सकस आहे.