विंडोज ९८ सुरू होताना ढगांऐवजी कानबाई दिसावी, कसं करू?

अमळनेरचा_बियाणेवाला
मंडळी, आमच्या बियाण्याच्या दुकानात विंडोज ९८ चा कॉम्प्युटर अजून चालतो. आबांची जुनी उधारीची खाती त्यातच आहेत. रोज सकाळी दुकान उघडलं की आबा आधी उदबत्ती लावतात, मग कॉम्प्युटर. यंदा श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसली होती, तिचा फोटो सुरुवातीच्या स्क्रीनवर यावा असं फार मनात आहे. फोनमधला फोटो लोगो.सिस नावाने सी ड्राइव्हमध्ये टाकला, तरी तेच ढग येतात. दुरुस्तीवाला म्हणतो नवा घ्या. कोणी केलंय का हे?

जुनी_पेटी_जळगाव
भो, नवा कशाला? फोनमधला फोटो जेपीजी प्रकारचा असतो, नाव बदलून त्याचा बीएमपी प्रकार होत नाही, एवढंच चुकलंय. चित्र बीएमपीच लागतं, ३२० बाय ४००, २५६ रंगांचं, कॉम्प्रेस न केलेलं.

फोटो आधी ४:३ मापात आडवा कापा. कानबाई उभी मावत नसेल तर दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडा, नथ आणि डोळे मात्र कापू नका. मग इरफानव्ह्यू या फोटोच्या प्रोग्राममध्ये प्रमाण राखण्याची खूण हटवून ३२० बाय ४०० करा. चेहरा लांबट दिसेल, घाबरू नका. सुरू होताना चित्र रुंदीत ताणलं जातं आणि मूळ रूप परत येतं. पेंटमध्ये २५६ रंग केले तर फोटो डागाळतो, म्हणून रंगही इरफानव्ह्यूतच कमी करा.

आता खरी तपासणी. फाईल बरोब्बर १,२९,०७८ बाइट भरली पाहिजे. फोल्डर ऑप्शन्समध्ये एक्स्टेंशन (फाईलच्या नावाचं शेपूट) लपवायची खूण हटवा, नाहीतर नाव लोगो.सिस.बीएमपी होऊन बसतं आणि कळतही नाही. सी मध्ये आधीची लोगो.सिस असेल तर तिला लोगो.ओल्ड करा. मूळ ढग आयओ.सिस या विंडोजच्या स्वतःच्या फाईलच्या पोटातही आहेत, त्यामुळे तुमची फाईल काढली की ते परत येतात. खात्यांना धक्का लागत नाही. तरी खात्यांची एक प्रत बाहेर काढून ठेवाच, ती पेटी किती जुनी आहे बघा.

धुळ्याहून
वरचं अगदी बरोबर. बंद होतानाची दोन चित्रंही बदलता येतात, लोगोडब्ल्यू.सिस आणि लोगोएस.सिस, विंडोज फोल्डरमध्ये. माप तेच. पण 'आता बंद करायला हरकत नाही' हा मजकूर यातल्या दुसऱ्या चित्रातच असतो, तेव्हा तो मराठीत स्वतः लिहा. आबांना इंग्रजीपेक्षा बरं. विंडोज एक्सपीवर मात्र हे चालत नाही, तिथे चित्र थेट कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या फाईलमध्ये असतं.

अमळनेरचा_बियाणेवाला
झालं! पहिल्यांदा फाईल ३,८४,०५४ बाइट भरली, म्हणजे रंग कमी करायचेच राहिले होते. दुसऱ्यांदा १,२९,०७८. फ्लॉपीवरून टाकली, सुरू केलं आणि काळ्या पडद्यावर कानबाई. नथीचा लाल खडा जरा काळपट आलाय, पण डोळे लख्ख. आबांनी पायातली चप्पल काढली, हात जोडले. स्क्रीन गेल्यावर म्हणाले, "आखो एकदाव चालू कर."