दिवाळीत सगळ्यांनी मिळून खेळायचा फाशांचा खेळ सुचवा, गणिताचा सराव पण व्हायला हवा

इंदिरानगरची_आई
नमस्कार, नाशिककरांनो आणि बाकी सगळ्यांनो पण. या दिवाळीत दीर-जाऊबाई आणि नणंद मुलांना घेऊन आमच्याकडेच येतायत. सगळ्यात लहान पुतण्या दुसरीत, माझी लेक पाचवीत आणि भाचा सहावीत. लेकीला पाढे येतात हो, घडाघडा म्हणते, पण मधेच सात आठे किती असं विचारलं की सात एके सातपासून सुरू करते आणि भागाकार आला की चेहराच पडतो. वह्या घेऊन बसवलं तर सुट्टीत कोणी बसणार नाही आणि बसवावंसं मलाही वाटत नाही. म्हणून विचार केला की लुडोच्या डब्यातले फासे आहेतच घरात, त्यावर दिवाळीचा काहीतरी खेळ करता येईल का, जो लहानमोठे सगळे एकत्र खेळतील. आजी-आजोबा पण. सासूबाईंचं एकच म्हणणं आहे, लक्ष्मीपूजनाला घरात जुगार नको.

पंचवटीकर
ताई, सासूबाईंना सांगा पैसे लावायचे नाहीत म्हणजे जुगार नाही. आणि पाडव्याला द्यूतप्रतिपदाच म्हणतात, त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले अशी कथा सांगतात, तेव्हा पाडव्याला दुपारची जेवणं झाल्यावर सतरंजी टाकून बसा.

आमच्याकडे मुलं "फुसका बार" खेळतात. एकच फासा. आपली पाळी आली की टाकत राहायचं आणि पडेल ते मिळवत जायचं, ४ पडले, मग ६ म्हणजे १०, मग ५ म्हणजे १५, असं. वाटलं तिथे "बास" म्हणायचं, तेवढे मार्क आपल्या नावावर जमा. पण मधेच १ पडला की फुसका बार, त्या पाळीतलं सगळं गेलं (आधीचं जमा झालेलं राहतं). १०० ला पहिला पोचेल तो जिंकला. दुसरीतला पोरगा बेरीज आपोआप करतो कारण त्याला थांबायचं की नाही ते ठरवायचं असतं, आणि तुमच्या सहावीतल्या भाच्याला विचारा की किती झाले की थांबावं. उत्तर २० आहे, आणि ते काढता येतं. फासा अजून एकदा टाकला तर २, ३, ४, ५, ६ यातलं काहीतरी मिळेल, सगळ्यांची बेरीज २०, आणि सहातल्या एका वेळेला हातातलं सगळं जाईल. म्हणजे हातात २० पेक्षा कमी असतील तर टाकणं फायद्याचं, जास्त असतील तर थांबणं. त्याला लगेच सांगू नका, दोन दिवस खेळू द्या आणि मग कागद पुढे करा.

गणिताच्या_बाई
छान आहे हे. मी शिकवते म्हणून एक सांगते, मुलांना निवड करायला मिळाली तरच ती जास्तीची गणितं करतात, नुसतं "फासा टाक आणि उत्तर सांग" असेल तर ती परीक्षाच होते आणि दहा मिनिटात उठून जातात. भागाकारासाठी माझा आवडता खेळ "उरलेल्या चकल्या". तीन फासे टाकायचे. कुठलेही दोन शेजारी ठेवून दोन अंकी संख्या करायची, त्या तुमच्या चकल्या. तिसरा फासा म्हणजे किती डब्यात सारख्या भरायच्या. भरून ज्या उरतील त्या तुमच्या, तेवढेच मार्क.

समजा ४, ५, ६ पडले. ४६ चकल्या ५ डब्यात भरल्या तर १ उरते. ६४ केल्या तर ४ उरतात! ४५ ला ६ ने भागलं तर ३, पण ५४ ला ६ ने किंवा ५६ ला ४ ने भागलं तर काहीच नाही. आणि ६५ ला ४ ने भागून परत १ च. म्हणजे एका डावात मूल सहा भागाकार करून बघतं, आणि ते कोणी न सांगता, कारण त्याला चकल्या जास्त हव्यात. थोडं खेळल्यावर पोरं स्वतःच बोलायला लागतात की १ ने भागलं तर कधीच काही उरत नाही, ६ ने भागलं तर जास्तीत जास्त ५ उरू शकतात. ही गोष्ट वर्गात फळ्यावर समजवायला मला तास लागतो ओ. फक्त मोठ्यांना ताकीद द्या, आजोबांनी उत्तर आधी ओरडायचं नाही. खऱ्या चकल्या घेऊन खेळलात तर उत्तमच, उरलेल्या खाऊन टाकायच्या.

इंदिरानगरची_आई
चकल्यांचा नक्की खेळणार!! पण पाढ्यांचं कसं करू, फाशावर सहापर्यंतच असतं, सात आठे येणारच नाही ना?

गणिताच्या_बाई
येतं, चार फासे घ्या. दोन-दोनच्या जोड्या लावायच्या, जोडीची बेरीज करायची आणि दोन बेरजांचा गुणाकार. ३, ४, २, ६ पडले तर ३+४ आणि २+६ म्हणजे ७ गुणिले ८, छप्पन्न. नाहीतर ५ गुणिले १० पन्नास, नाहीतर ९ गुणिले ६ चोपन्न. ज्याला जी जोडी लावायची ती. आणि तुमच्या लेकीसाठी तर हे फारच बरं, कारण दोन फाशांच्या ३६ प्रकारांपैकी ६ मध्ये बेरीज ७ येते, सगळ्यात जास्त. म्हणजे सातचाच पाढा सारखा येणार, आणि मधूनच येणार, पहिल्यापासून म्हणायला वेळ नाही. याची हाऊसी करा. कागदावर नऊ पणत्या काढायच्या, प्रत्येकीत आपल्याला वाटेल तो गुणाकार आधीच लिहून ठेवायचा, आला की पणती रंगवायची. सगळ्या पणत्या आधी लावेल तो जिंकला. पहिल्या डावात सगळे १०० आणि १४४ लिहितात, दुसऱ्या डावापासून ४२, ४९, ५६ दिसायला लागतात.

सिडको_मामा
दुसरीतल्याला फासा बघून खालच्या बाजूला किती ते ओळखायला लावा. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी ७ असते, वर २ तर खाली ५. ते त्यालाच शोधू द्या. मग तीन फाशांची उतरंड करायला सांगा, तीन वरच्या आणि तीन खालच्या बाजू मिळून २१ होणारच, तो मोठ्यांना चकित करत फिरेल घरभर. आणि मार्क लिहायचं काम त्यालाच द्या, लक्ष्मीपूजनाला पूजेत जी नवी वही ठेवता ना त्याच्या जोडीला त्याची एक छोटी वही ठेवा, मुनीमजी तोच. शंभरपर्यंतच्या सगळ्या बेरजा त्याच्याकडून होतात आणि कोणी चिडला की वही काढून दाखवतो.

इंदिरानगरची_आई
मामा, मुनीमजीचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या वही मी आणते. ताई, पणत्यांचे कागद वसुबारसेलाच काढून ठेवते. पाच मुलं आहेत तर चकल्यांना दोन गट करू की एकेकटं खेळवू?

गणिताच्या_बाई
गट करा, लहान-मोठा जोडीनं. मोठा भागेल, लहान चकल्या मोजून खरं आहे का बघेल. पाचवं मूल आजीबरोबर.